पुरेसें अंतर

श्रोतेहो, नगर शहराच्या वेशीवरून लष्कराच्या गाड्यांचा ताफा जातांना आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. रणगाडादलाचें शिक्षणकेंद्र येथें असल्यामुळें आम्हां नगरकरांस हें दृश्य नवें नाहीं. या शहरास २०२४ पासून अहिल्यानगर हें नांव मिळालें आहे. जिभेवरचें नगर जावयास मात्र अद्याप अवकाश आहे. असो. हिरवट रंगाची एक अवजड गाडी जाते, तिच्यामागें बराच मोकळा रस्ता, मग दुसरी गाडी, पुन्हां तितकाच मोकळा रस्ता, मग तिसरी. ती मोकळी जागा पाहून आमचा एखादा मोटारसायकलवाला हरखतो आणि ती आपल्याचसाठीं राखून ठेविली आहे अशा समजुतीनें मध्यें घुसतो. मागच्या गाडीवरचा जवान कांहीं बोलत नाहीं. तो वेग किंचित् उतरवितो आणि गेलेली जागा पुन्हां आपल्यापुढें पाडून घेतो. या मोकळ्या जागेविषयीं, ती न ठेविल्याबद्दल होणाऱ्या दंडाविषयीं आणि तो दंड अन्यायाचा वाटल्यास काय करावें याविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

निमित्त घरांतलेंच आहे. गेल्या गळिताच्या हंगामांत एके सायंकाळीं माझा भाचा कोपरगांवाहून मोटारीनें नगरास आला, तो हातांतला मोबाइल माझ्यापुढें ठेवीतच. वाटेंत एका नाक्यावर पोलिसांनीं त्याला थांबवून, पुढील वाहनापासून सुरक्षित अंतर न ठेविल्याबद्दल चलन केलें होतें. "मामा, पांचशें रुपयांचें मला दुःख नाहीं," तो म्हणाला, "पण मी चिकटलों नव्हतों. डावीकडून एक जीप आली, माझ्या आणि मालट्रकच्या मध्यें शिरली आणि नाक्यापुढच्या फांट्याला वळून निघून गेली. साहेबांनीं पाहिलें तें शेवटचें तेवढें पाहिलें. मीं तसें सांगितलें, तर म्हणाले, सगळे असेंच सांगतात." आणि मग, चाळीस वर्षें मी काळा डगला घालून न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या असल्यामुळें, त्यानें विचारलें, "यावर भांडतां येतें का?"

"येतें," मी म्हटलें, "परंतु कशाशीं भांडावयाचें तें आधीं वाचूं या."

चलन हातीं येतांच बहुतेक माणसें प्रथम रक्कम पाहतात. मीं त्याला कलम पाहावयास सांगितलें. चलन म्हणजे शिक्षा नव्हे. तो आरोप आहे. मोटार वाहन कायदा १९८८ सालचा आहे, आणि त्याच्या २०० व्या कलमानें कांहीं गुन्ह्यांपुरती सरकारनें अशी सोय करून ठेविली आहे कीं आरोपीस वाटल्यास त्यानें ठराविक शुल्क भरावें व प्रकरण तेथेंच मिटवावें. नाक्यावर किंवा मोबाइलवर आपण जी रक्कम भरतों ती या तडजोडीची. तडजोड म्हटली कीं ती नाकारण्याचा अधिकारहि आलाच. आपल्याकडे "पावती फाडली" असें म्हणतात, व त्या दोन शब्दांत फाडणाराचा रुबाब आणि ज्याची फाडली त्याची हतबलता हीं दोन्ही पुरेपूर उतरलीं आहेत. कायद्याला मात्र ती हतबलता अभिप्रेत नाहीं.

कलम पाहावयाचें याचें आणखी एक कारण आहे. रस्त्यावर वाहन कसें हांकावें याची नियमावली कायद्याच्या ११८ व्या कलमाखालीं केलेली असते. १९८९ ची नियमावली जाऊन २०१७ सालीं नवी आली. तिचा भंग केल्यास १ सप्टेंबर २०१९ पासून १७७-अ हें कलम लागूं झालें व त्यांत पांचशें ते एक हजार रुपये दंड सांगितला आहे. परंतु याच वागणुकीला "धोकादायक हांकणी" असें नांव दिलें गेलें, तर प्रकरण १८४ व्या कलमांत जातें, आणि तेथें पहिल्याच गुन्ह्यास एक हजार ते पांच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिने ते एक वर्षपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एका आकड्याच्या फरकानें गोष्ट कोठून कोठें जाते पाहा. भाच्याच्या चलनावर १८४ नव्हतें. मला हायसें वाटलें. त्याला वाटलें नाहीं, कारण त्याचें लक्ष अन्यायाकडे होतें.

आतां नियमाचे शब्द. १९८९ च्या नियमावलींतील २३ व्या नियमाचा आशय असा होता कीं पुढील वाहन एकाएकीं मंदावलें किंवा थांबलें तरी टक्कर टळेल इतकें पुरेसें अंतर मागील चालकानें राखावें. नव्या नियमावलीनें हेंच तत्त्व कायम ठेविलें. या वाक्यांत "पुरेसें" आहे. मीटर नाहीं, फूट नाहीं. जर्मनींत वेगाच्या आंकड्याच्या निम्मे मीटर अंतर, म्हणजे ताशीं शंभर किलोमीटर वेगास पन्नास मीटर, असें गणित धरतात, आणि तें किती दशांशांनीं कमी पडलें यावर दंडाची पायरी ठरवितात. तेथें पुलावरून कॅमेरे लावून तें मोजतातहि. इंग्लंडांत दोन सेकंदांचा संकेत शिकवितात. आमच्या नियमांत संख्याच नसल्यामुळें नाक्यावरच्या अधिकाऱ्याचें चलन हें बहुधा मोजमाप नसून मत असतें. मत चुकूं शकतें. म्हणून त्याविरुद्ध बोलतां येतें. परंतु संख्या नाहीं म्हणून नियमच नाहीं असें समजणारे जे महाभाग आहेत, त्यांनीं सर्वोच्च न्यायालयाचा २०१८ चा एक निवाडा लक्षांत ठेवावा. त्या प्रकरणांत पुढें मालट्रक व मागें मोटार असून दोहोंतील अंतर दहा ते पंधरा फूट होतें. ट्रक एकाएकीं थांबला, मोटार त्यावर आदळली. भरपाईच्या त्या दाव्यांत न्यायालयानें २३ व्या नियमावर बोट ठेविलें आणि दहा-पंधरा फूट हें सुरक्षित अंतर नव्हे असें सांगितलें.

दहा-पंधरा फूट म्हणजे काय, हें मीं भाच्याला कागदावर करून दाखविलें. ताशीं साठ किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें सतरा मीटर जाते. पंधरा फूट म्हणजे साडेचार मीटर. तें अंतर ती पाव सेकंदांत तोडते. पुढच्या गाडीचे तांबडे दिवे डोळ्यांस दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच सावध माणसालाहि एक ते दीड सेकंद लागतो. पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी उभी राहण्यास आणखी वीस मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर याहून पुष्कळच अधिक. आपल्याच जिल्ह्यांत लष्करी वाहनें पारखणारी संरक्षण खात्याची संशोधनसंस्था आहे आणि तिच्या चांचणीपथावर ब्रेक कसाला लावले जातात. परंतु पारखलेला ब्रेकहि पाय पडल्यावरच काम करूं लागतो. यावरून दोन सेकंदांचा संकेत कसा निघाला तें कळेल. रस्त्याकडेचा एखादा दगड किंवा झाड धरावें. पुढील गाडी त्यावरून जातांच "एक हजार एक, एक हजार दोन" असें सावकाश म्हणावें. तेवढें म्हणून होण्यापूर्वीं आपण तेथें पोंचलों तर आपण फार जवळ आहों. पावसांत किंवा रात्रीं हेंच मोजमाप दुप्पट धरावें.

पुढच्या चालकालाहि नियम मोकळें सोडीत नाहींत. सुरक्षिततेचें कारण असल्याखेरीज एकदम ब्रेक लावूं नये असें १९८९ च्या नियमावलींतच २४ व्या नियमांत लिहिलें होतें. २०२५ च्या जुलैंत सर्वोच्च न्यायालयापुढें कोइमतूरचें एक प्रकरण निकालास निघालें. महामार्गावर एका मोटारवाल्यानें, गर्भवती पत्नीस मळमळूं लागलें म्हणून, कसलीहि सूचना न देतां मध्येंच गाडी थांबविली. मागून मोटारसायकलीवर येणारा एक तरुण विद्यार्थी तीवर आदळून रस्त्यावर पडला, आणि मागच्या बसखालीं सांपडून त्याचा पाय गेला. न्यायालयानें दोषाची वांटणी केली ती अशी: थांबणाऱ्या मोटारीकडे पन्नास टक्के, बसकडे तीस टक्के, आणि ज्याचा पाय गेला त्या विद्यार्थ्याकडेहि, पुरेसें अंतर न राखल्यामुळें व परवाना नसल्यामुळें, वीस टक्के. भरपाई त्या प्रमाणांत कमी झाली. हें मी भाच्याला सांगत असतां त्याची आई चहा घेऊन आली होती. ती ट्रे तसाच हातांत धरून ऐकत उभी राहिली.

मग आम्ही पुराव्याकडे वळलों. चलनासोबत एक छायाचित्र होतें. त्यांत भाच्याची मोटार पुढच्या वाहनाच्या पाठीस जवळजवळ टेंकलेली दिसत होती. असल्या चित्राविषयीं एक गोष्ट प्रत्येकानें ध्यानांत ठेवावी. दुरून समोरासमोर, भिंग ताणून घेतलेल्या चित्रांत मागच्या-पुढच्या वस्तु एकमेकींवर येऊन बसतात; मिरवणुकीच्या असल्या चित्रांत माणसास माणूस चिकटलेला दिसतो तो यामुळेंच. दोन गाड्यांमधील अंतराची खरी साक्ष बाजूनें घेतलेलें चित्र देतें, किंवा चलच्चित्र देतें. अधिकारी कोठें उभा होता, समोर कीं बाजूला, किती लांबून व किती वेळ त्यानें गाडी पाहिली, ऊन डोळ्यांवर होतें काय, हे प्रश्न उद्धट नाहींत. ते अगदीं विनयानें विचारतां येतात, आणि विचारलेच पाहिजेत.

सुदैवानें भाच्याच्या मोटारींत कांचेमागें छोटा कॅमेरा बसविलेला होता. आम्हीं तें चलच्चित्र संगणकावर लावलें. त्याचें म्हणणें खरें होतें. जीप शिरण्यापूर्वीं तो मालट्रकच्या मागें दोन सेकंदांहून अधिक अंतरावर होता. मीं घड्याळ लावून तीनदां मोजलें. जीप आंत आली, आणि त्यानंतर चौथ्याच सेकंदास शिपायाचा हात वर झाला. त्या चार सेकंदांत भाच्यानें वेग उतरविलेला दिसत होता. दुसऱ्यानें खाल्लेलें अंतर परत मिळवावयास कांहीं वेळ लागतोच. तो वेळ मिळण्याआधींचा क्षण पाहून दोष देणें न्यायाचें नव्हे. येथें भांडावयास जागा होती.

अर्ज कसा केला तें सांगतों. आपल्या राज्यांत चलनाचा निरोप गाडी ज्याच्या नांवें नोंदलेली असेल त्याच्या मोबाइलवर जातो. त्यामुळें मुलगा गाडी हांकतो आणि निरोप बापाला येतो, असें घरोघर चालतें. असल्या निरोपांच्या नांवानें फसवणूकहि होते. म्हणून निरोपांतील दुव्याला हात न लावतां महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या सरकारी संकेतस्थळावर स्वतः जाऊन गाडीचा क्रमांक घालून पाहावें. तेथेंच तक्रार नोंदविण्याची सोय आहे. चलनावर किंवा तेथें जी मुदत दिली असेल तीच खरी धरावी. हे नियम मधूनमधून बदलतात, आणि शेजाऱ्यानें गेल्या वर्षीं काय केलें याचा उपयोग होत नाहीं. भाच्यानें प्रथम दोन पानें लिहून आणलीं. त्यांत वाहतूक खात्याच्या एकंदर कारभारावर टीका होती. मीं ती पानें बाजूला ठेवावयास लावलीं आणि आठ ओळी लिहविल्या: दिवस, वेळ, ठिकाण, जीप कोणत्या बाजूनें व कोणत्या क्षणीं शिरली, थांबविण्याची खूण कोणत्या क्षणीं झाली, चलन रद्द करावें ही विनंति. कॅमेऱ्याचें घड्याळ बारा मिनिटें पुढें होतें. तेंहि अर्जांत आपण होऊन लिहिलें, कारण तें दुसऱ्यानें काढलें असतें तर सगळ्याच चित्रावर संशय आला असता. तो फक्त जीपपुरता तुकडा जोडणार होता. मीं आधींचें व नंतरचें पूर्ण मिनिट जोडावयास सांगितलें. कापलेल्या चित्राला कापल्याचा वास येतो. मूळ कार्ड मात्र कॅमेऱ्यांतून काढून कपाटांत ठेविलें, कारण प्रकरण न्यायालयांत गेलें तर १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमाप्रमाणें अशा नोंदीसोबत दाखला द्यावा लागतो.

ज्यांचें चलन माणसानें नव्हे, रस्त्यावरील कॅमेऱ्यानें केलें असेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. २०२१ च्या ऑगस्टांत केंद्रीय नियमांत १६७-अ हा नियम घालण्यांत आला, तो अशा यंत्रांसंबंधीं आहे. त्यानें यंत्रास दरवर्षीं मंजुरीचा दाखला, यंत्रापूर्वीं रस्त्यावर सूचनाफलक, पंधरा दिवसांत नोटीस आणि नोटिशीसोबत दिवस, वेळ, ठिकाण व क्रमांक दाखविणारें स्पष्ट चित्र अशा गोष्टी मागितल्या. यांपैकीं काय नाहीं तें पाहावें.

तक्रार फेटाळली गेली तर पुढें न्यायदंडाधिकारी आहेत. तेथें आरोप शाबीत करण्याचें ओझें सरकारपक्षावर असतें हें खरें. परंतु दिवसाचें काम बुडतें, एखादे वेळीं दोनदां जावें लागतें, आणि हरल्यास दंड तडजोडीच्या रकमेहून अधिक होऊं शकतो. हें सर्व मीं भाच्यास सांगितलें. पांचशें रुपयांच्या हिशेबानें पाहिलें तर भरून मोकळें होणें शहाणपणाचें. कोणी लोकअदालतीची वाट पाहतात. तेथें रक्कम कमी होण्याची आशा असते. परंतु लोकअदालत हें समेटाचें ठिकाण आहे. तेथील निवाडा १९८७ च्या कायद्याप्रमाणें अखेरचा असून त्यावर अपील नाहीं. ज्याला "मीं केलें नाहीं" असें म्हणावयाचें आहे, त्यानें समेटाच्या रांगेंत कां उभें राहावें? भाचा म्हणाला, "मग मी तक्रारच करतों." मला बरें वाटलें. नाक्यावर दिवसभर धूळ खात उभ्या असलेल्या माणसाला सगळे असेंच सांगतात हें खरेंच असेल. म्हणूनच ज्याचें सांगणें खरें आहे त्यानें तें लिहून दिलें पाहिजे.

गोष्ट येथें संपावयाची, परंतु चलच्चित्र संपलें नव्हतें. वेळ जुळविण्यासाठीं मीं तें मागें नेलें होतें, तें कोल्हार आणि राहुरी यांच्या दरम्यान थांबलें. आमच्या भागांतील श्रोत्यांस तो रस्ता हंगामांत कसा असतो हें सांगावयास नको. १९५० च्या सुमारास लोणीजवळ प्रवरानगरास सहकारी साखर कारखाना निघाला आणि त्यामागून जिल्हाभर धुराडीं उभीं राहिलीं; तेव्हांपासून दिवाळीनंतरचे चार-पांच महिने हे रस्ते उसाचे असतात. एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या, त्यांवर दोन्ही बाजूंस झुकलेला ऊस, मागें दिवा नाहीं, असला तर वाढ्याखालीं झांकलेला. पडद्यावर तशीच एक ट्रॉली होती. संधिप्रकाश होता. माझा भाचा तिच्या इतका मागें होता कीं उसाचीं कांडीं मोजतां यावीं. ट्रॅक्टर ताशीं वीसच्या वेगानें चालला असेल. त्या वेगासहि दोन सेकंद म्हणजे अकरा मीटर होतात, आणि येथें तीनहि नव्हते. इतक्या जवळून पुढचें कांहीं दिसत नाहीं. म्हणून तो दर थोड्या वेळानें उजवीकडे डोकें काढी, समोरून येणारा दिवा पाही, आणि पुन्हां उसामागें दडे. असें सात वेळां झालें. एकदां समोरून बस आली ती किती जवळून गेली हें त्या छोट्या पडद्यावरहि कळलें. जरा मागें राहिला असता तर ट्रॉलीच्या कडेनें सारा रस्ता त्याला बसल्या जागीं दिसला असता.

त्याची आई मागें उभी राहून पाहत होती. ती कांहीं बोलली नाहीं. खोलींत पंख्याचा तेवढा आवाज होता.

"मामा," भाचा हळूच म्हणाला, "हें कांहीं पाठवावयाचें नाहीं ना?"

"नाहीं," मी म्हटलें. "त्यांनीं याबद्दल चलन केलेलें नाहीं."

त्यानें तें चित्र पुन्हां एकदां, या वेळीं एकट्यानें, पाहिलें. मग अर्ज पाठविला.

दुसऱ्या दिवशीं सायंकाळीं तो परत कोपरगांवास गेला. रात्रीं त्यानें पोंचल्याचा फोन केला. दोन सेकंद मोजून गाडी हांकली तर प्रत्येकजण मध्यें घुसतो व माणूस मागें मागेंच जातो, अशी त्याची तक्रार होती. मीं विचारलें, "किती घुसले?" तो म्हणाला, "विळद घाटापासून शिर्डीपर्यंत चौदा." चौदा गाड्यांसाठीं दोन-दोन सेकंद मागें सरलें तर अठ्ठावीस सेकंद होतात, हा हिशेब त्यानें माझ्याआधींच केला होता. त्याच्या अर्जाचा निकाल अद्याप आलेला नाहीं.